काळी, पांढरी आणि घराची जागा : महाराष्ट्रातील घरठाणाच्या इतिहासाचा एक विचार

१

घर बांधण्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच भिंती, खांब, तुळया, छप्पर आणि नक्षीकाम यांकडे जाते. घर उभे राहण्यापूर्वी ज्या जमिनीवर ते उभे राहावयाचे, ती जमीन कशी निवडली गेली, कशी शोधली गेली, कशी चोपून समतल केली गेली आणि ती आपली आहे हे कोणाच्या साक्षीने ठरले, याचा विचार त्या मानाने फारसा होत नाही. याचे एक कारण उघड आहे. जागेची तयारी हे असे काम आहे की, ते चांगले झाले म्हणजे दिसेनासे होते. पाया जमिनीत जातो, मुरूम फरशीखाली जातो आणि शेजाऱ्यांची संमती कागदात अथवा विस्मरणात जाते.

तथापि भाषेत या कामाच्या खुणा शिल्लक राहिल्या आहेत. महाराष्ट्राच्या देशावरील कोणत्याही गावाची जमीन परंपरेने दोन भागांत वाटलेली असे. एक ‘काळी’, म्हणजे कसावयाची जमीन. आणि दुसरी ‘पांढरी’, म्हणजे वसावयाची जमीन. मोल्सवर्थच्या कोशात ही जोडी नोंदलेली आहे, आणि जुन्या वतनपत्रांतूनही ती आढळते. गावाचे वर्णन करताना काळी आणि पांढरी असे दोन्ही शब्द एकत्र उच्चारले म्हणजे गाव पूर्ण झाले, अशी समजूत त्यामागे होती. यावरून असे दिसते की, घराची जागा म्हणजे केवळ मोकळा पडलेला जमिनीचा तुकडा नव्हे. ती जमिनीची एक निराळी जात होती. काळीतून पांढरीत जाणे हे एक स्थित्यंतर होते, आणि ते घडवून आणावे लागत असे.

हे स्थित्यंतर तीन अंगांनी होत असे. जमिनीला भार सोसण्यास योग्य करावयाचे, तिच्याविषयी कोणाचा तंटा उरू द्यावयाचा नाही, आणि तिची नोंद करावयाची. माती, साक्ष आणि नोंद या तिन्ही अंगांचा इतिहास सारख्या गतीने पुढे गेलेला नाही. मातीची विद्या फार लवकर परिपक्व झाली. साक्षीची व्यवस्था दीर्घकाळ टिकली, परंतु ती विषम होती. नोंद मात्र शेताच्या बाबतीत लवकर झाली आणि घराच्या बाबतीत फार उशिरा. या विलंबाचा आणि विषमतेचा भार कोणावर पडला, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

२

काळी आणि पांढरी हा भेद प्रथम मातीचा आहे. देशावरील काळी माती बेसॉल्ट खडकाच्या विदारणातून निर्माण झाली. तिच्यातील माँटमोरिलोनाइट जातीच्या चिकणखनिजामुळे ती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. कापूस व ज्वारी यांना ओलावा धरून ठेवणारी ही माती वरदान आहे. परंतु घराला तीच शत्रू ठरते. दरवर्षी पायाखालची जमीन वर उचलली जाते आणि पुन्हा खाली बसते, आणि ही हालचाल सर्वत्र सारखी नसल्यामुळे भिंतींना तिरप्या भेगा जातात. म्हणून जुनी गावे बहुधा नदीकाठच्या उंचवट्यावर, मुरमाड किंवा खडकाळ जागी वसलेली दिसतात. चांगली काळी माती पिकासाठी राखणे आणि मुरमावर घर बांधणे, या दोन्ही गरजा एकाच निवडीने भागत असत.

ज्याला काळीतच घर बांधण्यावाचून गत्यंतर नसे, त्याला माती बदलावी लागे. मुरूम लागेपर्यंत काळी माती खणून काढावयाची, तो खड्डा मुरमाने थराथराने भरावयाचा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने चोपावयाचे, आणि जोते आसपासच्या जमिनीहून चांगले उंच घ्यावयाचे, ही रीत आजही गवंडी सांगतात. शक्य असेल तेथे भरावावरून एक पावसाळा जाऊ द्यावयाचा, म्हणजे बसावयाचे ते आधीच बसून जाते. स्वातंत्र्योत्तर काळात रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर कंद असलेल्या खांबांचा पाया विकसित केला. त्याचे तत्त्वही मूलतः हेच आहे : हलणाऱ्या मातीचा थर ओलांडून न हलणाऱ्या थरात आधार घ्यावयाचा.

परंतु ‘पांढरी’ हे नाव केवळ मुरमामुळे पडलेले नाही. एका जागी पिढ्यान्पिढ्या वस्ती झाली म्हणजे पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीतील राख, शेण, हाडे आणि कुजलेले गवत यांचा थर साचतो व तेथील माती राखट, भुरकट होते. पुरातत्त्वज्ञांना महाराष्ट्रातील प्राचीन वस्त्यांची टेकाडे शोधण्यात याच रंगाचे साहाय्य झाले, आणि अशा टेकाडाला गावकरी पुष्कळदा ‘पांढरी’ किंवा ‘पांढर’ असेच म्हणतात. ही माती खत म्हणून उत्तम असल्याने शेतकरी ती गाड्या भरून शेतात नेत आले, आणि त्यामुळे कित्येक प्राचीन स्थळे नष्टही झाली. म्हणजे वस्तीने पांढरी केलेली माती पुन्हा काळीच्या उपयोगी पडली. या अर्थाने पांढरी ही निसर्गाने दिलेली नसून माणसांच्या राहण्याने तयार झालेली भूमी आहे.

याचे सर्वांत तपशीलवार दर्शन पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे घडते. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे उत्खनन केले. इ. स. पू. १६०० च्या सुमारापासून इ. स. पू. ७०० च्या सुमारापर्यंत, माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे अशा तीन कालखंडांत ही वस्ती नांदत होती, आणि शंभराहून अधिक घरांचे अवशेष तेथे मिळाले. एका घराची जमीन खराब झाली म्हणजे तिच्यावर माती अंथरून, चोपून नवी जमीन केली जाई. अशा एकावर एक चढलेल्या जमिनींतूनच घराचा इतिहास वाचता येतो. या जमिनींखाली लहान मुलांची दफने आढळली. दोन कुंभांची तोंडे एकमेकांस भिडवून त्यांत मूल ठेवलेले असे. मृत मुलाला घराबाहेर न नेता घराच्या जमिनीतच ठेवणाऱ्या या माणसांच्या दृष्टीने घराची जागा म्हणजे काय असेल, याचा विचार पुढे येणाऱ्या शास्त्रग्रंथांच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो.

३

घराच्या जागेची परीक्षा सांगणारे ग्रंथ संस्कृतात पुष्कळ आहेत. त्यांतील प्राचीन व सुटसुटीत विवेचन आश्वलायन गृह्यसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात येते. जमीन खारवट नसावी, तिच्यावर वनस्पती वाढत असाव्यात, काटेरी आणि चीक असलेली झाडे मुळांसकट उपटून टाकावीत, असे तेथे सांगितले आहे. नंतर गुडघाभर खोल खड्डा खणून त्याच मातीने तो पुन्हा भरावयाचा. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, आणि कमी पडली तर त्याज्य. सूर्यास्ताच्या वेळी खड्ड्यात पाणी भरून रात्रभर ठेवावयाचे. सकाळी पाणी राहिले असेल तर जागा उत्तम, ओल राहिली असेल तर मध्यम, कोरडा खड्डा दिसला तर त्याज्य.

सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत हीच परीक्षा थोड्या फरकाने दिली आहे. त्याच्या मते खड्डा हातभर असावा आणि पाणी भरल्यावर शंभर पावले जाऊन परत येईपर्यंत ते किती उरते ते पाहावे. मत्स्यपुराणात जमीन नांगरून बी पेरण्याची आणखी एक परीक्षा आहे. तीन, पाच किंवा सात रात्रींत अंकुर फुटण्यावरून जमिनीची उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ अशी प्रतवारी ठरते.

या परीक्षांकडे केवळ श्रद्धेच्या दृष्टीने अथवा केवळ उपहासाने पाहणे सारखेच अपुरे आहे. खणलेली माती परत खड्ड्यात मावत नाही, याचा अर्थ ती मुळात घट्ट बसलेली होती. कमी पडते, याचा अर्थ जमीन पोकळ होती किंवा पूर्वी कोणी भरलेली होती. पाण्याच्या परीक्षेने जमिनीची सच्छिद्रता कळते. आजच्या स्थापत्य अभियंत्यालाही घनता आणि झिरप या दोन गोष्टी मोजाव्याच लागतात. मात्र एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. काळी चिकण माती या दोन्ही परीक्षांत सहज उत्तीर्ण होईल. ती खणल्यावर फुगते आणि पाणीही धरून ठेवते. तिचा दोष एका रात्रीत दिसत नाही, एका वर्षात दिसतो. म्हणून देशावरील गवंड्याचे ज्ञान ग्रंथातून जसेच्या तसे आलेले नसून ते स्थानिक अनुभवातून आले असले पाहिजे, असा निष्कर्ष काढण्यास हरकत नाही. मुरूम लागेपर्यंत खणावयाचे, हा त्याचा नियम परीक्षेचा नव्हे, तर उपायाचा आहे.

याच ग्रंथांतील दुसरा भाग मातीशी नव्हे, समाजाशी संबंधित आहे. पांढरी, तांबडी, पिवळी आणि काळी माती अनुक्रमे चार वर्णांना योग्य, असे वर्गीकरण बृहत्संहितेत येते आणि गंध व चव यांचीही तशीच वाटणी केलेली आहे. मातीच्या खऱ्या गुणांचे निरीक्षण आणि माणसांची उतरंड ही दोन भिन्न सूत्रे तेथे एकाच श्लोकसमूहात गुंफली गेली आहेत, आणि पुढील काळात ती एकमेकांपासून वेगळी करणे अवघड झाले.

उत्तरकालीन वास्तुग्रंथांत शल्योद्धार हा विधी महत्त्वाचा मानला आहे. जमिनीत गाडलेली हाडे, केस, कोळसा, तूस, राख इत्यादी ‘शल्ये’ पुरुषभर खोल खणून काढल्याशिवाय घर बांधू नये, असा त्याचा आशय. इनामगावच्या लोकांनी जे प्रेमाने घराखाली ठेवले, तेच या ग्रंथांना सलणारे काटे वाटते. तरीही या विधीमागे व्यवहाराची एक बाजू आहे. जुन्या पांढरीवर नवे घर बांधताना राख, कोंडा आणि कुजके पदार्थ यांचा थर काढला नाही, तर जमीन हमखास खचते.

आश्वलायनाच्या सूत्रात जागेच्या गुणांची यादी सुरू होते तेथे ‘अनूषर’ या विशेषणाच्या लगोलग ‘अविवदिष्णु’ असे दुसरे विशेषण आहे. जमीन खारवट नसावी आणि विवादाची नसावी. मातीच्या गुणाला लागूनच, आणि खड्ड्याच्या परीक्षेच्याही आधी, हा सामाजिक गुण सांगितला आहे. ज्या जमिनीवर दुसऱ्याचा दावा आहे ती कितीही घट्ट असली तरी तिच्यावर घर उभे राहत नाही, हे सूत्रकाराला ठाऊक होते. परंतु माती निर्दोष कशी करावी हे जसे सूत्र सांगते, तसे जमीन निर्विवाद कशी करावी हे सांगत नाही. ते काम समाजाला करावे लागले.

४

जमीन वसविण्याच्या आणि उजाड करण्याच्या क्रियांना महाराष्ट्रात एकच अवजार प्रतीक म्हणून लाभले आहे. गृह्यसूत्रात जागा परीक्षेला उतरल्यावर ती नांगरून घ्यावी आणि मग चौरस अथवा आयत आखावी, असे सांगितले आहे. नांगरल्याने मुळ्या, दगड आणि पोकळ्या उघड्या पडतात. उलट एखाद्या वस्तीवर ‘गाढवाचा नांगर फिरविणे’ म्हणजे ती पुन्हा कधी वसू नये असे जाहीर करणे.

या दोन्ही अर्थांचे प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे. १६३० च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले व गाढवाचा नांगर फिरवून तेथे पहार ठोकली, असे परंपरा सांगते. पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजी पुण्यास राहावयास आल्यावर त्याच जमिनीवर सोन्याचा फाळ लावलेला नांगर फिरविला गेला, ही कथाही तितकीच रूढ आहे. या कथेतील तपशील कितपत ऐतिहासिक आहेत हा वेगळा प्रश्न होय. तिचा आशय मात्र स्पष्ट आहे. ओस पडलेल्या जागेवर माणसे परत यावयाची तर केवळ झुडपे तोडून भागत नाही. तेथे वसणे निर्धोक आहे आणि वसणाऱ्याच्या पाठीशी सत्ता आहे, हे सर्वांसमक्ष सांगावे लागते. शाप उतरविणे हाही जागेच्या तयारीचाच भाग होता.

अठराव्या शतकात पुण्याच्या पेठा वसल्या, तेव्हा हे आश्वासन कौलाच्या रूपाने दिले जाई. नव्याने राहावयास येणाऱ्यास काही वर्षे करांची सूट आणि जागेचा निर्वेध उपभोग यांचे अभयपत्र म्हणजे कौल. १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून नळाने पाणी शहरात आणले गेले. पाण्याची सोय आणि कराची सूट यांमुळे माळ आणि मळे यांची घरठाणे झाली.

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांती झाली. त्या पहिल्या बांधकामास १६,११० रुपये खर्च आला, असा आकडा दिला जातो. जागेच्या निवडीविषयी मात्र आख्यायिका अशी की, तेथे एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना बाजीरावाच्या दृष्टीस पडला. हीच कथा अहमदाबाद आणि विजयनगर यांविषयीही सांगितली जाते, तेव्हा तिचे मूल्य इतिहास म्हणून नाही. जागा स्वतःच आपल्या धन्याची निवड करते, ही समजूत ती व्यक्त करते, आणि मग तेथे आधी कोण होते हा प्रश्न विचारला जात नाही. १८२८ च्या आगीत वाड्यातील लाकडी इमारती जळून गेल्या. आज तटाच्या आत जे पाहावयास मिळते ते मुख्यतः दगडी जोती आणि हौद होत. म्हणजे मजले गेले, आणि तयार केलेली जागा उरली.

कोकणात हा सारा प्रकार निराळा आहे. तेथे काळी आणि पांढरी अशी विभागणी देशासारखी रुजलेली नाही. घरे वाड्यांतून, आपापल्या आगरात विखुरलेली असतात. जागा तयार करावयाची म्हणजे उताराचा डोंगर फोडून सपाटी करावयाची. फोडलेल्या जांभ्याचेच चिरे काढून जोते आणि भिंती बांधता येतात. देशावर माती आणून भरावी लागते, तर कोकणात ती काढावी लागते. दोन्हीकडे कष्ट सारखेच आहेत, परंतु शेजाऱ्याशी येणारा संबंध निराळा आहे. देशावरील पांढरीत घर घराला खेटून असल्यामुळे साक्षीचा प्रश्न अधिक तीव्र होतो.

५

दाट वस्तीत घर बांधावयाचे म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीपाशी खणावयाचे. पागोळ्यांचे पाणी कोणाच्या अंगणात पडेल, मोरी कोठे निघेल, खिडकी कोणाकडे उघडेल, हे प्रश्न घर उभे राहण्यापूर्वीच मिटावे लागतात. हे तंटे जुने आहेत. कात्यायनस्मृतीच्या उपलब्ध वचनांत शौचकूप, मोरी, अग्नी आणि खड्डा यांसाठी परक्या भिंतीपासून दोन अरत्नी अंतर सोडावे, असा नियम आहे. मराठा काळातील खरेदीखतांत घराच्या जागेची ओळख आकड्यांपेक्षा शेजाऱ्यांवरून दिली जाई : पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस गल्ली, दक्षिणेस तमक्याची भिंत, उत्तरेस देऊळ. चतुःसीमेच्या या पद्धतीत जागेचा दाखला म्हणजे शेजाऱ्यांची नावे. शेजारी नाही म्हणाला तर जागेची ओळखच उरत नसे. तंटा विकोपाला गेल्यास गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई.

या व्यवहाराची शब्दसंपत्ती तपासली असता एक गोष्ट लक्षात येते. घर, ठाण, शीव, शेत, अंगण, वाडा हे शब्द प्राकृतातून आलेले आहेत. ‘गावठाण’ हा शब्द ग्राम आणि स्थान यांचाच मराठी अवतार होय. ‘शीव’ म्हणजे सीमा. याउलट जमीन, मालक, हद्द, इमारत, नकाशा, दाखला हे शब्द अरबी-फारसीतून आले. राहण्याचे शब्द घरचे आणि हक्काचे शब्द दरबारचे, अशी ही विभागणी स्थूल असली तरी बोलकी आहे. शीव माणसांच्या आठवणीत असते. हद्द कागदावर असते. साक्षीकडून नोंदीकडे होणारा प्रवास भाषेत असा उमटला आहे.

‘पांढर’ हा शब्द तर जागेवरून माणसांकडे गेला. गावची पांढर म्हणजे गावात वसणारा सारा समुदाय, असाही त्याचा अर्थ झाला. जागा आणि तीवर राहणारी माणसे यांना एकच शब्द असणे ही आत्मीयतेची खूण वाटेल. परंतु या शब्दाला एक बाहेरची बाजू होती. गावकुसाच्या आत ती पांढर, आणि कुसाबाहेर महारवाडा व मांगवाडा. ज्यांची घरे पांढरीत नव्हती, ते पांढर या समुदायातही पूर्णपणे मोजले जात नसत.

यातील विसंगती इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करता कामा नये. शिवेच्या तंट्यात गावाचा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार महार हाच होता. हद्दीचे दगड कोठे आहेत, कोणता ओढा कोणत्या गावाचा, कोणते शेत कोठे संपते, हे त्याला ठाऊक असणे हे त्याच्या वतनाचे कामच होते, आणि त्याची साक्ष निर्णायक मानली जाई. इतरांची जमीन ‘अविवदिष्णु’ व्हावी यासाठी ज्याचा शब्द लागत असे, त्याचे स्वतःचे घर मात्र गावाच्या मर्जीवर, बहुधा सखल किंवा आडबाजूच्या जागी, उभे असे. जागा तयार करणाऱ्या श्रमांचीही कथा फारशी वेगळी नाही. माती खणणारे आणि दगड फोडणारे वडार व बेलदार पुष्कळदा पालांत राहत आणि काम संपले म्हणजे पुढच्या गावी जात. गावोगावच्या वाड्यांची जोती त्यांच्या हातची. त्यांचे स्वतःचे जोते कोठेच नसे.

मुंबई कनिष्ठ गाव वतन निर्मूलन अधिनियम, १९५८ या कायद्याने महारवतनासह कनिष्ठ वतने संपुष्टात आली. १९७१ मध्ये केंद्र शासनाने ग्रामीण भूमिहीनांना घरासाठी जागा देण्याची योजना सुरू केली. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. नाव बदलणे आणि जागा मिळणे या एकच गोष्टी नव्हेत; तथापि ज्या प्रदेशात वस्तीचे नावच माणसाची पायरी सांगत असे, तेथे नावाचा प्रश्न गौण म्हणता येत नाही.

६

नोंदीचा इतिहास ब्रिटिश अमदानीतील मोजणीपासून निराळे वळण घेतो. १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पाहणीस आरंभ झाला. तिचा उद्देश शेतसारा ठरविणे हा होता. साहजिकच काळीचे क्रमांकवार तुकडे पाडले गेले. प्रत्येकाचे क्षेत्र, प्रत आणि खातेदार यांची नोंद झाली. पांढरीतून सारा यावयाचा नसल्यामुळे ती नकाशावर गावठाण म्हणून एकसंध सोडून दिली गेली. परिणाम असा झाला की, शेतकऱ्याजवळ बांधाबांधाचा उतारा आला. परंतु ज्या घरात तो उतारा पेटीत ठेवलेला असे, त्या घराच्या जागेचा कागद बहुसंख्य खेड्यांत नव्हता. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती हाच काय तो आधार, आणि कर भरल्याचा पुरावा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. शहरांत आणि मोठ्या गावांत नगर भूमापनाने ही उणीव काही अंशी भरून काढली.

दरम्यान काळीतून पांढरीत जाण्याच्या स्थित्यंतराला कायद्याने नवे रूप दिले. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यात शेतजमिनीचा अन्य कारणासाठी उपयोग करण्यास जिल्हाधिकाऱ्याची परवानगी घेण्याचे तत्त्व आले. बोलीत याला ‘जमीन बिनशेती करणे’ म्हणतात. हा शब्द विचार करण्यासारखा आहे. ‘पांढरी’ या शब्दात जागा काय आहे ते सांगितले होते. ‘बिनशेती’ या शब्दात ती काय नाही एवढेच सांगितले आहे. पुढील दुरुस्त्यांनी गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांपर्यंतच्या जमिनींना ठराविक रकमा भरल्यावर बिनशेती मानण्याची सोय केली. पांढरी हळूहळू काळीत पसरत असते, हे वास्तव कायद्याने अशा रीतीने मान्य केले.

गावठाणाच्या आतील घरांची मोजणी मात्र एकविसाव्या शतकापर्यंत रेंगाळली. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांचे नकाशे करून घरमालकांस मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. शेताच्या मोजणीनंतर घराच्या मोजणीस सुमारे १८५ वर्षे लागली. हा विलंब तांत्रिक नव्हता. ज्यातून महसूल येत होता ते मोजले गेले, आणि ज्यात माणसे राहत होती ते मोजावयाचे राहिले.

ड्रोनला छप्पर दिसते; शीव दिसतेच असे नाही. पिढ्यान्पिढ्या न वाटलेली घरे, बहिणींचे हिस्से, कुसाबाहेरच्या वस्त्यांतील तोंडी परवानगीने बांधलेल्या झोपड्या, दोन भिंतींमधील बोळ, या गोष्टी ठरविण्यासाठी आजही माणसांना समोरासमोर बसावे लागते. म्हणजे नोंद आली तरी साक्षीची गरज संपलेली नाही.

७

जागेची तयारी किती चांगली होती हे आपत्तीत कळते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. दगडी जोत्यांवर कच्च्या विटांच्या आणि मातीच्या भिंती उभारलेले कित्येक वाडे पाण्यात विरघळल्यासारखे कोसळले. वाडे बांधणाऱ्यांनी जमिनीचा भार मोजला होता. नदी वरच्या अंगाला कधी अडविली जाईल आणि एकाएकी मोकळी सुटेल, हे त्यांच्या हिशेबात असणे शक्य नव्हते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार किंवा त्याहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथील घरांच्या भिंती जाड, मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या होत्या आणि माळवदावर हात-दीड हात मातीचे थर होते. पाणी गळू नये म्हणून दर काही वर्षांनी त्यावर पांढऱ्या मातीची भर घालण्याची रीत होती. पिढ्यांच्या राहण्याने तयार झालेली तीच माती डोक्यावर कोसळली. त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. रुंद रस्ते आणि आखीव भूखंड यांची ही गावे म्हणजे काळीतून एका आदेशाने निर्माण झालेली पांढरी होय. जुन्या गावात ज्याचे घर कुसाबाहेर होते त्याला नव्या गावात कोठे जागा मिळावी, हा प्रश्न तेथे पुन्हा उभा राहिला. माती नवी होती. वस्तीची आखणी करणाऱ्या माणसांच्या मनातील नकाशा मात्र जुनाच होता.

घरठाणाच्या या दीर्घ इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. घट्ट जमीन कशी ओळखावी आणि मऊ जमीन कशी घट्ट करावी, हे येथील माणसांनी फार पूर्वी जाणले होते. इनामगावच्या चोपलेल्या जमिनी आणि शनिवारवाड्याची जोती त्याची साक्ष देतात. जमिनीची नोंद करणेही, उशिरा का होईना, साधले आहे. सर्वांत अवघड ठरली ती आश्वलायनाने खारवटपणाच्या शेजारीच नोंदलेली अट. जागा निर्विवाद करावयाची म्हणजे शेजाऱ्याला मान्य होईल अशी करावयाची, आणि हा शेजारी कोण, यात गावकुसाबाहेरचा माणूस मोजावयाचा की नाही, यावर त्या शब्दाचा खरा अर्थ अवलंबून आहे. महाराष्ट्रातील घरांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनी भिंतींच्या आधी ही अट तपासावी. ती ज्या घराने पाळली नाही, त्या घराचा पाया मुरमावर असला तरी कच्चाच समजला पाहिजे.